पाणथरी काढलेल्या मुलाचा ताप

लागण, खोडवा आणि उतारा यांवर आम्ही दर अंकी लिहितोच. आज जरा लेकरांविषयी.

झाडावरून पडून पोटाला मार बसतो, पाणथरी फुटते, ती काढून टाकावी लागते. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारातही कधी काढतात. टाके सुकतात, पोरगं खेळायला लागतं आणि घरचे म्हणतात, सुटलो बुवा! पण धोका तिथं संपत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. घरी निघायच्या गडबडीत ते कानाआड होतं.

कारखान्यात रस गाळून गाळ बाजूला काढतात, तशी पाणथरी रक्तातले जंतू वेचून काढते. न्यूमोकोकस हा त्यातला मोठा वैरी. पाणथरी नसली की दुपारी साधी कणकण, रात्री मूल बेशुद्ध आणि एक-दोन दिवसांत सारं संपलं, असं घडू शकतं. लहान वयात आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत भीती जास्त. पण ती जन्मभर पुरती जात नाही.

पूर्वी या अवयवावाचून काही अडत नाही असेच समजत. १९५२ साली अमेरिकेत किंग व शुमाकर या डॉक्टरांनी, तान्हेपणी पाणथरी काढलेल्या पाच बाळांना झालेल्या भयंकर जंतुसंसर्गाची हकीकत छापली, तेव्हा डोळे उघडले. पुढे १९६८ मध्ये टोरांटोच्या डॉ. उपाध्याय व डॉ. सिम्प्सन यांनी मार लागलेली पाणथरी काही मुलांत न कापताही बरी होते हे दाखवले. म्हणून आता डॉक्टर शक्यतो ती वाचवतात. आजारासाठी काढायचीच तर मूल पाच वर्षांचे होईपर्यंत थांबू पाहतात.

न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी घ्याव्यात. तातडीची असेल तर नंतर दोन आठवड्यांनी. पेनिसिलीन रोज, डॉक्टर सांगतील तितकी वर्षे. पोर ठणठणीत दिसतंय म्हणून गोळी बंद करणारे आईबाप असतात. उसाला मात्र खताचा हप्ता चुकवत नाहीत!

आणि ताप आला, तर तापाची गोळी देऊन उजाडायची वाट पाहू नये. मध्यरात्र असली तरी गाडी काढावी आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच बोलावं: "याची पाणथरी काढलेली आहे." कुत्रं चावलं तरी हेच सांगावं.

सातपुड्याकडून तोडणीला येणाऱ्या टोळ्यांत सिकलसेलची मुले असू शकतात. त्यांची पाणथरी शस्त्रक्रियेवाचूनच लहानपणी निकामी होते, तेव्हा तापाचा नियम त्यांनाही तोच. फडावर अशा मुलाला ताप भरला, तर मुकादमाने खेप भरायची थांबवून आधी त्याला दवाखान्यात पोचवावे.