गाव तिथंच, जिल्हे तीन

समजा, 1946 साली देवणीत जन्मलेली एक आज्जी आहे. माहेर गावातच, सासरही गावातच. जन्मली तेव्हा ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तिचा जिल्हा होता बीदर. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली, उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके, आणि त्यांच्यासोबत देवणी, बीदरमधून निघाले आणि उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, जोडले गेले. राज्य झालं मुंबई. 1960 ला महाराष्ट्र. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला आणि 1999 मध्ये देवणी स्वतःच तालुका झाली. आज्जी गाव सोडून कुठं गेली नाही, तरी तीन जिल्हे आणि तीन राज्यं तिच्या दारावरून गेली!

आता हे तिसरीतल्या लेकराला कसं सांगायचं? कारण त्या वयात त्याहून साधी गोष्टच अवघड असते. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि अ‍ॅन-मारी वेल यांनी लहान मुलांना त्यांच्या गावाबद्दल आणि देशाबद्दल विचारलं. 1951 साली ते प्रसिद्ध झालं. जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे, हे मुलं तोंडानं घडाघडा सांगायची. पण दोन्हींची वर्तुळं काढा म्हटलं, की सात-आठ वर्षांपर्यंतची कितीतरी मुलं ती शेजारी शेजारी काढायची. आपण जिनिव्हाचेही आणि स्विसही, हे एकाच वेळी कसं असेल, असा त्यांचा प्रश्न. किती खरा प्रश्न आहे! देवणी लातूरमध्ये, लातूर महाराष्ट्रात, हे पाठ म्हणणारं लेकरू मनात काय काढत असेल, ते त्याच्या हातात खडू दिल्याशिवाय कळत नाही.

आपला अभ्यासक्रम डब्यात डबा बसवावा तसा रचलेला. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारती जिल्हावार काढत आली आहे; लातूरच्या मुलांना लातूरचं, नांदेडच्या मुलांना नांदेडचं. चौथीत महाराष्ट्र आणि शिवछत्रपती, पाचवीत देश. जवळून लांब जाण्याचा हा क्रम मला मनापासून पटतो. पण देवणीत जवळचं म्हणजे काय? कर्नाटकातली भालकी आणि कमलनगर जवळ, मुंबई दूर. भालकीकडच्या कितीतरी घरांत मराठीच बोलतात. मामाचं गाव कर्नाटकात असलेल्या पोराला 'आधी जिल्हा, मग राज्य' ही चढण उलटीच चढावी लागते: त्याचं राज्य बदलतं आणि जेवण, बोली, नाती तीच राहतात.

मला वाटतं, सीमेवरच्या शिक्षकाला इथंच खजिना सापडतो. लेकरांना घरचे जुने कागद बघायला सांगावे, मूळ कागद घरीच ठेवून. शाळेचा दाखला, शेताचा कागद, लग्नपत्रिका. कुठं 'जि. उस्मानाबाद' दिसेल, कुठं 'जि. लातूर'. निजामाच्या राज्याची सरकारी भाषा उर्दू होती, त्यामुळं एखादा कागद उर्दूतलाही निघेल. तो वाचायला गावातल्या कुणा जाणत्या माणसाकडं जावं लागेल, आणि तेवढ्यानंच अर्धा इतिहास शिकून होईल. आणि साल? कागदावर 1355 लिहिलेलं असलं तर वर्ग थक्क होईल. शिवाजी महाराजांच्याही आधीचा कागद? तर नाही. निजामाच्या कारभारात फसली सन चालायचा. त्यात 590 मिळवा: 1945. फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारीपासून पुढच्या महिन्यांतला कागद असेल तर 1946. एका बेरजेनं लेकरू निजामाच्या काळात जाऊन पोचतं!

आणि गावाचं नाव घेऊन फिरणारी देवणी गाय तर गोठ्यातच आहे. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा हे तिचे तीन प्रकार. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि चेहऱ्याच्या बाजूला काळा रंग. बालंक्या पांढरी, खालच्या अंगाला काळे ठिपके. शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके. शेतकऱ्याच्या घरातलं लेकरू हे बघताक्षणी ओळखतं. त्याला नकाशा द्यावा आणि विचारावं, ही गाय कुठवर दिसते. लातूर, नांदेड, आणि पुढं बीदर. त्यानं खडूनं गायीचा मुलूख रंगवला, की तो रंग राज्याची रेघ ओलांडून पलीकडं जातो. मग वर्गातून विचारणा होतेच: ही रेघ कुणी ओढली, आणि कशाला?