दुकानदारीचं गणित – भाग ७ : उधारीचे दिवस

गेल्या आठवड्यात गोदामात पडून राहिलेल्या मालाचा हिशेब मांडला. आज गोदामातून गेलेल्या, पण पैसे न आलेल्या मालाकडे वळू.

कुठल्याही घाऊक व्यापाऱ्याला विचारा, अमुक पार्टीकडे येणं किती? आकडा तोंडपाठ असतो. किती दिवसांचं, असं विचारलं की मान संगणकाकडे वळते. खरी गळती तिथेच असते.

समजा, प्लंबिंगचं सामान विकणाऱ्या दुकानातून एक ठेकेदार महिन्याला ५ लाखांचा माल उचलतो. मुदत ४५ दिवसांची, म्हणजे त्याच्याकडे कायम साडेसात लाख अडकलेले. कॅश क्रेडिटला १२ टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज ९० हजार. ६० लाखांच्या विक्रीवर ४ टक्के सुटले तर हाती २ लाख ४० हजार येतात. त्यातून हे व्याज गेलं. आता तोच ठेकेदार ७५ दिवसांवर गेला, तर व्याज दीड लाख होतं आणि उरतात फक्त ९० हजार. एक रुपयाही बुडालेला नाही, भावही कमी केलेला नाही! आणि लाखभर खरंच बुडाले, तर ते भरून काढायला २५ लाखांची विक्री लागते. शिवाय जीएसटी वसुलीसाठी थांबत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला कर भरावाच लागतो, पार्टीने पैसे दिलेले असोत वा नसोत.

पार्टी घसरतेय, हे खात्यात आधी दिसतं. पूर्वी ४७,३१२ रुपयांच्या बिलाला नेमके ४७,३१२ यायचे. आता 'खात्यात जमा करा' म्हणून गोल २० हजार येतात. त्याच सुमारास ऑर्डर वाढली, तर खूश होऊ नका. बहुधा दुसऱ्या दुकानदारांनी त्याचा माल बंद केलेला असतो. अशा वेळी भांडायची गरज नसते. "शेठ, मार्चचं बिल तेवढं निघालं की लगेच गाडी भरतो," एवढं पुरतं. आणि सेल्समनचं कमिशन विक्रीवर देता की वसुलीवर, तेही एकदा तपासा.

कायद्याचा आधार आहे, पण सगळ्यांना नाही. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. मात्र हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. २०२१ साली व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, ती केवळ अग्रक्रम क्षेत्रातल्या कर्जापुरती. अनेक दुकानदार ते प्रमाणपत्र काचेत लावून निर्धास्त बसतात.

व्यापाऱ्याच्या हाती उरतो दिवाणी दावा, आणि त्यालाही साधारण ३ वर्षांची मुदत. ती संपण्याआधी पार्टीने बाकी लेखी मान्य केली, तर मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून दर मार्चअखेरीस खातेउतारा पाठवून त्यावर सही-शिक्का घ्यावा. वीस वर्षांच्या ओळखीत सही कशी मागायची, असं वाटतं खरं. पण 'पाहतो, पाठवतो' करत जो दोन महिने सही टाळतो, त्याची गाडी मी तरी भरणार नाही.