उन्हाळी सुटीत शिवारफेरी

शाळांना सुटी लागली आहे. रब्बीचे धान्य घरात आले आहे आणि मिरगाला अजून अवकाश आहे. या मोकळ्या दिवसांत एखाद्या सकाळी मुलांना घेऊन आपल्याच शिवारात पाखरे पाहायला जावे, असे आम्ही वाचकांना सुचवतो. यात पैशाचा खर्च नाही, आणि लाभ शेताचा व प्रकृतीचा असा दुहेरी आहे.

उजाडताच निघावे व नऊच्या आत परतावे. नंतरचे ऊन बाधते आणि पाखरेही सावलीला जातात. डोक्याला टोपी, पायात बूट, सोबत पिण्याचे पाणी आणि एक वही असावी. चार-पाच जणांपेक्षा जास्त जमाव नको. विहिरीच्या किंवा तळ्याच्या काठी मुलांचा हात सोडू नये.

सर्वात आधी दिसेल तो कोतवाल. काळाकुट्ट, दुभंगलेल्या शेपटीचा हा पक्षी तारेवर किंवा म्हशीच्या पाठीवर बसून टोळ, नाकतोडे टिपत असतो. पिकात ठिकठिकाणी काठ्या रोवून त्यांवर आडवी काठी बांधली, तर तो तेथे बसून अळ्या व किडे खातो. नांगरामागून चालणारे गायबगळेही हेच काम करतात. गव्हाणी घुबडाला अशुभ मानून दगड मारणारे अजून आहेत. परंतु ते रात्रभर उंदीर मारते, हे ध्यानात घ्यावे.

टिटवीकडे विशेष लक्ष द्यावे. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, बहुधा चार अंडी घालते. ती मातीच्याच रंगाची असल्यामुळे पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. कडक उन्हात टिटवी आपले पोट पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. तिचे ओरडणे हा अपशकुन नव्हे. घरट्याजवळ कोणी आले, म्हणून ती ओरडते. नांगरताना ती एकाच जागेभोवती घिरट्या घालू लागली, तर तेवढी हातभर जागा सोडून नांगर वळवावा. बांधावरचे गवत पेटवण्यापूर्वीही आत घरटे नाही ना, हे पाहावे.

फुलपाखरे पाहायची तर ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर पाहावीत. उन्हाळ्यात ती तेथे थव्याने बसून ओलाव्यातील क्षार शोषून घेतात. परसातील लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती काळ्या-पिवळ्या फुलपाखराची असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते. रोप लहान असेल तर अळ्या हाताने वेचाव्यात. मोठ्या झाडाला त्यांचा फारसा त्रास होत नाही. तेथे औषध मारण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने 2015 साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले निळे-काळे नीलवंत याच जातीच्या झाडांवर वाढते.

आता चतुराविषयी. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर. बारीक अंगाची आणि बहुधा पंख मिटून बसणारी ती टाचणी. दोघांचीही पिल्ले पाण्यात वाढतात व डासांच्या अळ्या खातात. मोठी झाल्यावर ती उडते डास पकडतात. पावसाळ्यात शेतावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर तर समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो, असे मालदीव बेटांवरील निरीक्षणांवरून चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने 2009 साली मांडले. अशा जिवाच्या शेपटीला दोरा बांधून खेळणाऱ्या मुलांना वडीलधाऱ्यांनी प्रेमाने आवरावे.

फवारणीचा पंप तळ्यात, ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नये. त्या पाण्याने चतुराची पिल्ले मरतात. डास मात्र लवकर वाढत असल्यामुळे पुन्हा आधी तेच होतात. मात्र डेंग्यूचा डास घरातील साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि तेथे चतुर पोचत नाही. म्हणून पिंप, हौद व कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात.

फेरीत काय दिसले, कोठे दिसले आणि ते काय खात होते, हे मुलांनी तारखेसह वहीत लिहावे. ती वही घरात जपून ठेवावी. पुढे पिकावर कीड दिसली की औषधाच्या दुकानाकडे वळण्याआधी ती उघडावी. आपल्या शेतात फुकट राबणारे गडी किती आहेत, हे तिच्यात सापडेल.