चारशे यार्डांची वाट

कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तेथील विद्यापीठ यांत अंतर अवघे चारशे यार्डांचे. १९८६ च्या ऑक्टोबरात या दोन संस्थांच्या संगणकांमधील दळणवळण एकाएकी मंदावले. सेकंदाला ३२ हजार बिट वाहणारा प्रवाह ४० बिटांवर आला. म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच रोमन अक्षरे. लांबलचक पत्र घेऊन शिपाई धाडला असता तर तो आधी पोहोचला असता!

यंत्रे धडधाकट होती. मग झाले काय? संगणकाचा संदेश लहान लहान पुडक्यांत विभागून धाडला जातो, आणि ती मिळाल्याची पोच उलट यावी अशी रीत आहे. वाटेतील नाक्यावर गर्दी झाली की पुडकी रांगेत खोळंबतात; रांगेतही जागा उरली नाही म्हणजे टाकून दिली जातात. पोच वेळेत न आल्यास पाठविणारा तेच पुडके पुन्हा धाडतो. तुंबलेल्या वाटेवर आणखी भर! जॉन नेगल या अभियंत्याने १९८४ मध्येच हा धोका लिहून ठेवला होता.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी माईक कॅरल्स यांच्या साहाय्याने यावर तोड काढली. त्यांचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नाक्यांना हात न लावता पाठविणाऱ्याची रीत बदलली. आरंभी एकच पुडके सोडावे. पोच आली की दोन, मग चार. पुडके हरवल्यास तो गर्दीचा इशारा समजून हात एकदम आखडावा, आणि पुढे बेताबेताने सैल करावा. मराठीत ‘पोच’ म्हणजे समजही. येथे दोन्ही अर्थ जुळून आले. वाटेत पोलीस नाही. ज्याने त्याने आपणच ओळखावयाचे.

पुढे स्मृती स्वस्त झाली, तशी नाक्यांवर भल्यामोठ्या रांगा मावू लागल्या. पुडके हरवेना, म्हणून इशाराही मिळेना. घरात एकजण चित्रफीत धाडीत असता दुसऱ्याचे परगावच्या मुलाशी चाललेले बोलणे अडखळते, ते पुष्कळदा यामुळेच: आवाजाची पुडकी रांगेच्या शेपटाशी ताटकळत असतात. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनी सुचविलेला उपाय प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पुडक्यांचा रांगेतील मुक्काम सतत लांबू लागला, तर जागा असूनही नाक्याने एखादे पुडके मुद्दाम टाकून द्यावे. त्याची पोच येत नाही असे पाहून पाठविणारा हात आखडतो, आणि रांग ओसरू लागते.