सळईच्या पोटातला वेळ
१९९३च्या किल्लारी भूकंपाच्या पट्ट्यात घर बांधताना सळई नुसती मजबूत असून भागत नाही. तुटण्याआधी ती ताणलीही जायला हवी. जालन्यात बनणाऱ्या टीएमटी (थर्मो-मेकॅनिकली ट्रीटेड) सळईत हे दोन्ही गुण मुख्यतः तापमान आणि वेळ यांच्या मेळातून येतात. सुमारे हजार अंशांची लाल सळई पाण्याच्या झोतातून क्षणात जाते. पृष्ठभाग इतका झटपट निवतो की पोलादातल्या कार्बनला सरकायला सवडच मिळत नाही; तो जागीच अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची कठीण रचना तयार होते. मग हे कवच ठिसूळ नाही का? सुरुवातीला असतेच. पण गाभ्यातली उष्णता बाहेर येऊन त्याला पुन्हा सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवते आणि ठिसूळपणा उतरवते. गाभा मात्र सावकाश निवतो, म्हणून तिथे फेराइट आणि पर्लाइट या मऊ रचना तयार होतात. साइटवर सळई तापवून वाकवली, तर ही सारी रचना बिघडते.