विषाणूच्या साच्यात चांदी: पिवळा रंग आला म्हणजे झालं का?

निपाणीकडचा तंबाखू आम्हा कोल्हापूरकरांना नवा नाही. त्याच तंबाखूच्या पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे पाडणारा विषाणू म्हणजे टोबॅको मोझॅक व्हायरस, थोडक्यात टीएमव्ही. पिकाचा हा शत्रू प्रयोगशाळेत मात्र चांदीचे नॅनोकण घडवायचा साचा म्हणून कामी येतो.

साचा कशाला हवा? चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन मिळाले की अणू तयार होतात आणि एकमेकांना चिकटत जातात. आवर घातला नाही तर लहान-मोठे गोळे होतात. कण जितका लहान, तितकं वजनाच्या मानाने पृष्ठफळ जास्त आणि आयनही जास्त सुटतात. हेच आयन जिवाणूंच्या प्रथिनांतल्या गंधकाला चिकटतात, पेशीपटल बिघडवतात.

टीएमव्ही ही सरळ नळी आहे: लांबी 300 नॅनोमीटर, जाडी 18, आतली पोकळी 4. एकाच प्रथिनाच्या सुमारे 2130 प्रती तिच्यात ओळीने बसलेल्या असतात. त्यांतल्या ऋणभारित अमिनो आम्लांकडे चांदीचे आयन ओढले जातात. मग क्षपण केलं की कण तिथेच वाढतात.

इथे एक गोंधळ टाळा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या गटाने 2003 मध्ये फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम बुरशी वापरून चांदीचे नॅनोकण बनवले. तिथे क्षपणाचं काम बुरशीतली द्रव्यं करतात. विषाणूला चयापचय नाही. तो फक्त जागा देतो. क्षपणक आपणच घालायचा, उदा. सोडियम बोरोहायड्राइड.

आता माझी चूक. विषाणू फॉस्फेट बफरमध्ये होता, त्यातच सिल्व्हर नायट्रेट घातलं. छान पिवळं झालं, मी खूश! पण तो सिल्व्हर फॉस्फेटचा साका होता. नॅनोकणही पिवळेच दिसतात. फरक यूव्ही-व्हिजिबलमध्ये कळतो. नॅनोकणांचं शिखर 400 नॅनोमीटरच्या आसपास येतं, माझ्या आलेखात शिखरच नव्हतं. म्हणून आधी डायलिसिस करून फॉस्फेट आणि क्लोराइड काढा.

जिवाणू मेले तरी लगेच 'साच्यामुळे मेले' असं लिहू नका. सोबत चार कंट्रोल ठेवा: नुसता विषाणू, नुसतं सिल्व्हर नायट्रेट, साच्याशिवाय बनवलेले कण आणि कण खाली बसवल्यावर वर उरलेलं पाणी. चांदीचं प्रमाण सगळीकडे मोजा. वरच्या पाण्यानेच जिवाणू तितकेच मरत असतील, तर श्रेय सुट्या आयनांचं, साच्याचं नाही.

चांदीलाही न जुमानणारे जिवाणू सापडलेले आहेत. त्यामुळे मारतंय कोण, हे नेमकं कळल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही.