साडेतीन-साडेआठचा हिशेब

गुलमंडीच्या बाजारपेठेचा एक दिवसही दुधाशिवाय जात नाही. सकाळी चहाची आधणं, दुपारी लस्सी, संध्याकाळी पैठण गेटकडून खरेदी उरकून निघालेल्या कुटुंबांच्या हातात पेढ्यांचा पुडा. दसरा-दिवाळीला तर मिठाईच्या दुकानांपुढे उभं राहायला जागा नसते. पण हे दूध काढणाऱ्याच्या पदरात काय पडतं, ते गुलमंडीत ठरत नाही. ते ठरतं गंगापूर, पैठण किंवा फुलंब्री तालुक्यातल्या एखाद्या गावच्या संकलन केंद्रावर, टेबलावर ठेवलेल्या फॅटच्या मशीनवर.

पूर्वी हे काम काचेच्या नळीत चालायचं. स्वित्झर्लंडच्या निकलाउस गर्बर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या पद्धतीत दुधात गंधकाम्ल घालून नळी गरगर फिरवतात. स्निग्धांश वेगळा होऊन वर येतो आणि नळीवरच्या खुणांवर मोजता येतो. आता बहुतेक केंद्रांवर ध्वनिलहरींवर चालणारं यंत्र असतं. घोटभर नमुन्यातून ते एखाद्या मिनिटात फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांशाखेरीजचे घन घटक, दाखवतं. वजनकाट्यावरचे लिटर आणि मशीनचे आकडे एका चिठ्ठीवर छापून येतात. दहा दिवसांच्या चिठ्ठ्यांची बेरीज म्हणजे दुधाचा पगार.

गायीच्या दुधाचा जाहीर दर असतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला. त्याखाली प्रत्येक पॉइंटला पैसे कापले जातात. उन्हाळ्याचा ताण, निकृष्ट चारा, कासदाह यांतलं काहीही झालं तरी एसएनएफ उतरतो. म्हणून मशीन आणि वजनकाटा यांची तपासणी वेळच्या वेळी आणि सर्वांसमोर होणं हा उत्पादकाच्या पोटाचा प्रश्न आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. संकरित गाय, सरासरी रोज १२ लिटर दूध, दर २८ रुपये. दिवसाचे ३३६ रुपये आले. शरीरपोषणाला दोन किलो आणि दर तीन लिटरमागे एक किलो, असं सहा किलो पशुखाद्य; ३० रुपये किलोने १८० गेले. हिरवा चारा २० किलो, तीन रुपयांनी ६०. कडबा पाच किलो, आठ रुपयांनी ४०. उरले ५६. गाय ३०५ दिवस दुधात राहिली, तर १७,०८० रुपये होतात. पुढचे ६० दिवस ती आटलेली असते, पण खाणं थांबत नाही. खुराक दोन किलोवर आणला तरी रोजचे १६० प्रमाणे ९,६०० जातात. वर्षाकाठी हातात राहतात ७,४८० रुपये, म्हणजे रोजचे २०. यात डॉक्टर, रेतन, वीज, विमा, गायीच्या कर्जाचा हप्ता काहीच धरलेलं नाही.

हा नफा किती नाजूक आहे बघा. दर दोन रुपयांनी उतरला, की वर्षाचे ७,३२० रुपये जातात. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते; दोन माज हुकून भाकड काळ तेवढाच लांबला, तर ६,७२० रुपये जातात. म्हणून जाणता गोठेवाला माजाची तारीख भिंतीवर लिहून ठेवतो.

दर का उतरतो? पिऊन उरलेल्या दुधाची भुकटी आणि लोणी होतं. त्यांचे भाव देशात आणि परदेशात पडले, की खरेदीदर खाली येतो. पिशवीवरची किंमत मात्र तशी उतरत नाही. राज्य सरकारने १ जुलै २०२४ पासून लिटरमागे दूध प्रकल्पांचे ३० आणि अनुदानाचे ५ रुपये, तर १ ऑक्टोबरपासून २८ आणि ७ अशी जोडणी केली. ३५ चा आकडा जुळला, पण त्यासाठी जनावराच्या कानात बिल्ला आणि त्याची ऑनलाइन नोंद लागली. शिवाय अनुदान ठरावीक मुदतीचं असतं. गोठा वर्षभर चालवायचा असतो.

खर्चाची बाजू शेतातच बदलली. मराठवाड्यात ज्वारी मागे हटली, कापूस, मका आणि सोयाबीन आले, आणि घरचा कडबा विकतचा झाला. मक्याच्या मुरघासाने अनेक गोठे सावरले. सरकीची पेंडही इथलीच, तरी ती बाजारभावानेच घ्यावी लागते. दुष्काळात तर चाराच उरत नाही. २०१९ मध्ये मराठवाड्यातली असंख्य जनावरं चारा छावण्यांत जगली. २०२२ च्या लम्पी रोगाच्या साथीत दगावलेल्या दुभत्या गायीमागे ३० हजार रुपये मदत मिळाली. तेवढ्यात तशी गाय पुन्हा दावणीला येत नाही.

दूध थांबलेल्या जनावराचाही खर्च आहे. राज्यात १९७६ च्या कायद्याने गायींची आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल-वळूंचीही कत्तल बंद झाली. कायद्यामागच्या भावनेचा मान राखूनही हे मान्य करावं लागेल, की म्हाताऱ्या जनावराचा सांभाळ ज्याच्या दावणीला ते आहे त्याच्यावर पडला. ट्रॅक्टर आल्यावर संकरित गोऱ्ह्याला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही.

मग धंदा टिकतो कसा? शेणखताने, कालवडीच्या विक्रीने, शहरातल्या रतिबाने, आणि सर्वांत जास्त घरच्या माणसांच्या कष्टाने. पहाटेची धार, वैरण, शेणघाण, पुन्हा संध्याकाळची धार यातलं बरंचसं काम घरातली बाई करते. तिचे रोजचे चार तास कुठल्याच वहीत नसतात. वर्षाचे ७,४८० रुपये नफा म्हणून दिसतात ते त्यामुळेच. मजुरी धरली तर तो तोटा आहे.

उसाला कायद्याने ठरणारी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे. दुधाला तसा आधार नाही, आणि तो मिळायला हवा. त्यासाठी उत्पादनखर्चात भाकड काळ आणि घरची मजुरी, दोन्ही धरावी लागतील. गोठ्यातल्या बाईच्या चार तासांना रोजंदारीचा भाव लावला, तर २८ रुपयांत दूध परवडतं असं कोणालाच म्हणता येणार नाही. दराची बोलणी तिथून सुरू व्हावीत.